सत्तरच्या वर गेला की हाक मार

रविवार, २२ एप्रिल २००७

माझा टेबलफॅन नेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी नळावर गेले तेवढ्यात उचलला आणि त्या कंप्युटरच्या मागे नेऊन लावला. सहासष्ट वर्षांची बाई पत्र्याखाली शिजतेय आणि वारा कोणाला, तर लोखंडाच्या डब्याला. सून म्हणते, "आई, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे." माझ्याकडे थोडेच दिवस उरलेत, नेमके तेच मागितले हिने.

तक्रार झाली. आता जय भीम. कोणाला करतेय माहीत नाही, पण वही उघडली की आधी माणसासारखं बोलावं.

वही नातीने दिली, मैत्रेयीने. दोन दिल्या. एकीत फक्त आकडे लिहायचे, दर तासाला. दुसरीबद्दल म्हणाली, "तुला जी बडबड करायची असते ती हिच्यात कर, म्हणजे मला झोप मिळेल." कार्टी! मी लिहायला शिकले बेचाळिसाव्या वर्षी, अंबरनाथला, कंपनी सुटल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसून. जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो. पण आकड्यात माझी चूक काढून दाखवा.

आकडे कसले ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच कळणार नाही. मैत्रेयी कल्याणच्या क्लासात कार्टून फिल्म बनवायची विद्या शिकली. अंधेरीच्या एका कंपनीने तिला परीक्षा घातलीय. पंचेचाळीस सेकंदांची फिल्म करून दाखव. शनिवारी, पाच मेला, संध्याकाळी पाचच्या आत सीडी त्यांच्या हातात. आवडली तर नोकरी. फिल्म आहे एका कावळ्याची. तापलेल्या पत्र्यावर उतरतो, पाय भाजतात, सावली शोधत उड्या मारतो. मी म्हटलं, यात शिकायचं काय, आपल्या छपरावर रोज चालतं ते. तर म्हणाली, "म्हणूनच मला जमतं."

पंचेचाळीस सेकंदांत अकराशे पंचवीस चित्रं. प्रत्येक चित्राला कंप्युटर बारा मिनिटं घेतो. म्हणजे सव्वादोनशे तास, वीज जाते ते धरून जवळपास अकरा दिवस तो चालूच पाहिजे.

आणि रविवारी, सहा मेला, इगतपुरीचे पाहुणे तिला बघायला येणार. तारीख माझ्या मुलाने काढली, धम्मदीपने. नोकरी लागत असेल तर पाहुण्यांना थांबवतो, म्हणाला. नसेल तर स्थळ चांगलं आहे, मी शब्द देऊन टाकणार. पोरगी हो पण म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. उठली आणि माझा फॅन नेला.

सोमवार, २३ एप्रिल

सकाळी आठ ते रात्री आठ माझी पाळी, नंतर तिची. दिवसा ती झोपते.

कंप्युटरच्या पोटात एक चिप आहे, बिस्किटाएवढी. सगळं काम ती करते आणि इस्त्रीसारखी तापते. नुसत्या पंख्यावर ठेवली होती तर पंधरा मिनिटांत पंच्याऐंशी डिग्रीवर जाऊन कंप्युटर आपोआप बंद पडायचा. म्हणून पाण्याचा कूलर केलाय. तयार मिळणारा आपल्याला झेपणारा नाही. हा घरचा आहे. चिपवर तांब्याचा ठोकळा बसवलाय, त्याच्या आत केसाएवढे बारीक चर. त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं, मागे जाऊन गाडीच्या जुन्या रेडिएटरमध्ये निवतं, आणि परत. पंप माशांच्या टाकीचा. पाणी साठवायला माझी लोणच्याची चिनी मातीची बरणी. तीही न विचारता.

मला हे कोणी समजवायला नको. रंगाच्या कंपनीत बावीस वर्षं ड्रम धुतले मी. भट्टीला बाहेरून जाकीट असायचं, त्यातून असंच गार पाणी फिरायचं. ऑपरेटर महिपती चहाला गेला की काटा मी बघायची. महिपती आठ तासांचे आकडे एका दमात भरून मोकळा व्हायचा. मी एकेक बघून लिहायची. मला आकडे नवीन होते, खोटे लिहायला जीव होत नव्हता.

मैत्रेयीने नियम सांगितले. "आजी, पडद्यावरचा डिग्रीचा आकडा साठच्या आसपास असला तर बिनघोर बस. सत्तरच्या वर गेला की हाक मार. बरणीतलं पाणी खुणेच्या खाली गेलं तर या पांढऱ्या कॅनमधलं टाक. बॅटरीचं पाणी आहे, शुद्ध केलेलं."

"पाणी उडतं कुठे?"

"झाकणाला फट आहे. पाइपाच्या जोडाला थेंब सुटतो. मुकेशभाई बघून जाईल."

मुकेश म्हणजे मागच्या गल्लीतला सिंधी, लेथचं वर्कशॉप आहे त्याचं. ठोकळा त्याने केला. दुपारी आला, जोड आवळला, चहा प्यायला. मी विचारलं, "तांबं खरं आहे ना रे? का पितळेला रंग लावून आणलास?"

"अम्मा, आपके घर में खोटा माल देके मेरे को इस गली से गुजरना है के नहीं?"

बोलायला पक्का आहे. आकडा ५८. चित्रं ८०.

बुधवार, २५ एप्रिल

आकडा ५७, ५८, ५९, ५८. चित्रं तीनशे झाली. लोडशेडिंग सकाळी अकरा ते चार. पहिले दोन तास इन्व्हर्टर खेचतो, मग कंप्युटर झोपतो. चारला वीज आली की जिथे थांबला तिथून पुढचं चित्र घेतो. माणसापेक्षा बरा, उठल्यावर कुरकुरत नाही.

कावळ्याचं एक चित्र बघितलं. चोच खरी आहे. पाय जरा जाड झालेत.

गुरुवार, २६ एप्रिल

दुपारी बरणी खुणेखाली दोन बोटं गेली. कॅन उचलला तर रिकामा. सुनेला विचारलं, बकुळाला. म्हणाली, "यांनी सकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतलं." कॅनवर बॅटरीचं पाणी लिहिलंय, धम्मदीपने बॅटरीत ओतलं, त्याला काय बोलणार? बोलले तरीही.

मैत्रेयी झोपली होती. तीन रात्री जागलीय, डोळ्यांखाली काजळ घातल्यासारखं झालंय. उठवलं नाही. पाण्यासाठी पोरीला काय उठवायचं? पाणी तर घरात आहे. पण या आठवड्यात नळाला गढूळ येतंय, कुठेतरी लाइन फुटलीय. तसलं घालणारी मी नव्हे. पिंपात तुरटी फिरवली. चांगली वीस वेळा, पाणी वर पांढरं येईपर्यंत. थोडं बसू दिलं आणि वरचं गाळून बरणीत घातलं. लोकांच्या घरचं प्यायचं पाणी एवढं स्वच्छ नसतं.

आकडा ५८.

शुक्रवार, २७ एप्रिल

आकडा ६३. मग ६४. जोडाला थेंब सुटतोच आहे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाणी घातलं. तुरटी फिरवून, गाळून. मैत्रेयीला आठ वाजता सांगितलं, सहाने वाढलाय. म्हणाली, "उकाडा वाढलाय आजी." असेल.

बकुळाने फॅनची दिशा बदलली होती. माझ्याकडे नाही, स्वतःच्या चुलीकडे. परत फिरवला.

चित्रं पाचशे.

शनिवार, २८ एप्रिल

६८. जोडाजवळ ओल आहे. त्या सिंध्याने वॉशर हलका घातलाय, मला पहिल्या दिवसापासून संशय. आकडे वाढायचं दुसरं कारण मला दिसत नाही. मी तर तासाला उठून बघतेय, पाणी खुणेवर ठेवतेय. सहाशे चित्रं.

धम्मदीप कंपनीतून आल्यावर पडद्यापुढे उभा राहिला. चांगला पाच मिनिटं. म्हटलं, "काय बघतोस?"

"काय नाही. पाय बरोबर उचलतोय कावळा."

मग लगेच म्हणाला, "इगतपुरीवाल्यांना जेवायला पुरणपोळी नको. उन्हाळा आहे."

सोमवार, ३० एप्रिल

काल ७१ झाला तेव्हा हाक मारली. मैत्रेयी उठली, डबा उघडला, ठोकळ्याखालचं मलम पुसून नवीन लावलं. ६९. तासाभरात परत ७२. रात्रभर तिने ओला टॉवेल रेडिएटरवर ठेवला. आज सकाळी ७६.

आता नवीन दुखणं. चिप फार तापली की स्वतःच सावकाश चालते. एका चित्राला बारा मिनिटांऐवजी वीस. म्हणजे तापमान वाढलं की दिवस वाढले. मैत्रेयी कागदावर हिशेब करत बसली. सातशे साठ झालीत, अजून तीनशे पासष्ट. असंच चाललं तर रविवार उजाडेल.

"शनिवारी पाच म्हणजे पाचच का गं? सव्वापाचला कंपनी बंद होते का?"

"पाचनंतर आलेली सीडी ते उघडतच नाहीत, आजी."

धम्मदीप जेवताना म्हणाला, "एवढं अंगाला लावून घेऊ नकोस. नाही झालं तर नाही झालं." बापाने धीर दिला की पोरीचा चेहरा उतरतो, असं मी पहिल्यांदा बघितलं.

मी दोनदा पाणी घातलं. माझ्या बाजूने कसूर नको.

मंगळवार, १ मे

सव्वा अकराला ८४. मी हाक मारली. ती येईपर्यंत पडदा काळा. चित्रं सातशे अठ्ठ्याण्णव.

तिने हात लावला तर ठोकळा भाजत होता आणि रेडिएटर गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. बाहेर बघायला पाइप काळे आणि बरणी चिनी मातीची, कोणाला काय दिसणार? आज सुट्टी, धम्मदीप घरीच होता, मुकेशला बोलावून आणलं. मुकेशने चार स्क्रू काढून ठोकळा उघडला. आत चरांमध्ये पांढरा चिखल. बुळबुळीत, भाताच्या पेजेसारखा. एकही चर मोकळा नाही.

"बघा!" मी म्हटलं. "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तांबं खरं आहे का. हे बघा काय झडतंय त्यातून."

मुकेशने चिखल बोटांत चोळला. मग जिभेला लावला आणि थुंकला. असा घाणेरडा माणूस. मग माझ्याकडे बघितलं. मी परत बघितलं, मी कोणाच्या बघण्याला घाबरत नाही.

"ये धो के लगा दो," तो म्हणाला. "चल जाएगा."

"खराब तांबं धुतलं की चांगलं होतं का? नवीन करून दे."

"अम्मा, सुनो तो..."

"ऐकायचं काय त्यात? पोरीचे दहा दिवस मातीत घातलेस."

मग धम्मदीप बोलला. दारात बोलला, चार घरं ऐकतील असं. आमच्या लोकांना तुम्ही कायम दुय्यम माल देता, म्हणाला. फसवलंस, म्हणाला. मला वाटलं मुकेश आता भांडेल. तर तो खाली बघून म्हणाला, "हां भाई. मेरा ही माल होगा. नया बना देता हूं."

लगेच कबूल! दम दिला की बाहेर येतंच.

पण नवीन ठोकळा मिळणार कधी? आज तांब्याची दुकानं बंद. उद्या माल, परवा लेथ, शुक्रवारी त्याच्या लाइनला वीजच नसते. शनिवारी सकाळी देतो म्हणाला. शनिवारी सकाळी ठोकळा आला तर शनिवारी पाच वाजता अंधेरीला काय न्यायचं, कावळ्याचं अंडं?

मैत्रेयीने वही मागितली, आकड्यांची. पानं उलटत बसली. माझं अक्षर बघत असेल.

धम्मदीपने इगतपुरीला फोन केला. रविवारी नक्की या, म्हणाला.

बुधवार, २ मे, सकाळ

आज बुद्ध पौर्णिमा. साडेसहाला नळ आला. पिंप रिकामं करून धुवून घेऊ म्हटलं, आठवडाभर धुतलं नव्हतं. तळाला हात घातला.

पांढरा चिखल. बुळबुळीत. पेजेसारखा.

हात तसाच ठेवून उभी राहिले. वरून नळ चालू. मग बोट जिभेला लावलं. तुरट.

जिभेला का लावलं त्याने, ते कळलं.

खरं ते लिहिते. मी पहिलं काम काय केलं, तर पिंप घासलं. राख घेऊन, नारळाच्या शेंडीने, चकचकीत. सगळं मोरीत वाहून गेलं. बकुळा उठली तोपर्यंत पिंप नवीन. कोणी बघितलं नाही. मनात म्हटलं, आता बोलून काय, ठोकळा तर तसाही खराब झाला. मुकेशने कबूल केलंय. त्याचं काय जातं, तो व्यापारी माणूस.

पांढरी साडी नेसून विहारात गेले. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. मी काही डोळे मिटून रडणारी बाई नाही, मला मागच्या रांगेत कोण आलं नाही ते मोजायची सवय. तीन शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. आवाजच निघाला नाही. शेजारची म्हणाली, "आजी, घसा बसला का?" पाचवं मोठ्याने म्हटलं. दारू मी आयुष्यात प्यायले नाही, ते सोपं आहे.

खीर न खाता निघाले. चालताना डोक्यात एकच गोष्ट. मुकेश म्हणाला होता, धुवून लावा, चालेल. मी बोलू दिलं नाही. तांबं चांगलं असेल तर नवीन ठोकळ्याची वाट बघायचं कारणच नाही. मी गप्प बसले तर शनिवार. बोलले तर आज.

घरी न जाता मागच्या गल्लीत गेले.

बुधवार, संध्याकाळ

मुकेश लेथवर होता. म्हटलं, "तुला कळलं होतं."

"कल ही पता था, अम्मा. रोज दाढी के बाद फिटकरी लगाता हूं."

"मग बोलला का नाहीस?"

"आप बोलने देतीं तो बोलता." मग म्हणाला, "भाई के सामने आपका नाम कैसे लेता?"

"माझं नाव घ्यायला मी समर्थ आहे. चल."

घरी सगळे होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. कॅन रिकामा होता, पोरीला उठवलं नाही, तुरटीचं पाणी घातलं, गुरुवारपासून. तांबं चांगलं आहे. चिखल माझा आहे. आणि सकाळी पिंप घासून टाकलं तेही सांगितलं.

बकुळाने तोंडावर पदर घेतला. हसली का काय माहीत नाही. धम्मदीप म्हणाला, "आई!" एवढंच. बहुतेक त्याला कॅन कोणी रिकामा केला ते आठवलं.

मैत्रेयीने विचारलं, "किती वेळा घातलंस?"

"अकरा."

"मला उठवायला काय झालं होतं?"

"तू झोपली होतीस."

"मला विचारायचं होतंस, आजी. माझं काम आहे ते." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग म्हणाली, "चिंच आहे का घरात?"

चिंच, मीठ आणि जुना टूथब्रश. ठोकळा मी घासला. ते काम मला कोणी शिकवायचं नाही. मुकेश सुई घेऊन एकेक चर मोकळा करत होता. पाइप, पंप, रेडिएटर, सगळं तीनदा धुतलं, शेवटचं बॅटरीच्या पाण्याने. मुकेशने त्याच्या गाडीसाठीचे दोन कॅन आणले. एकावर मैत्रेयीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, फक्त कूलरसाठी. दुसऱ्यावर, फक्त इन्व्हर्टरसाठी. जोडाला नवीन वॉशर.

एक वाजता इन्व्हर्टरवर चालू केलं. आकडा ४९. मग ५५. मग ५८. तिथेच राहिला.

तीनशे सत्तावीस चित्रं बाकी. पासष्ट तास लागणार. शनिवारी दुपारी अडीचला तरी घर सोडलं पाहिजे. लोडशेडिंग सोडून हातात चौसष्ट तास आहेत, तेही नीट गेले तर. एक तासाची खोट आजच आहे. ती माझ्या पिंप घासण्याची.

धम्मदीपला म्हटलं, "त्याची माफी माग. दारात बोललास, दारातच माग."

"चूक तुझी आणि माफी मी मागू?"

"माझी मी मागितली. तू जे बोललास ते मी नव्हतं सांगितलं."

तो शर्ट घालून बाहेर गेला. कुठे गेला विचारलं नाही. परत आला तेव्हा कानशिलं लाल होती.

शुक्रवार, ४ मे

आठ वाजता ५८. नऊ ५८. दहा ५९. अकराला वीज गेली, इन्व्हर्टर. बारा ६०. एकला बंद. चारला चालू, ५७.

चित्रं सकाळी नऊशे नव्वद, रात्री आठला हजार तीस. पाण्याला मी हात लावला नाही. खुणेखाली गेलं तेव्हा मैत्रेयीला उठवलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक बोट." उठली, घातलं, परत झोपली. अर्धं मिनिट लागलं. एवढंच होतं.

शनिवार, ५ मे

सकाळी आठला हजार नव्वद. पोरगी रात्रभर एक क्षण झोपली नाही. अकराला वीज गेली, तेव्हा अकराशे चार झाली होती. इन्व्हर्टरने पाऊण तासात मान टाकली. बॅटरीही थकलीय, रोज किती ओढायची?

काळा पडदा. वीज चारला. चारला घरी असेल तर पाचला अंधेरीत कशी पोचेल? मी पहिल्यांदा तिचा चेहरा बघायचं टाळलं.

मैत्रेयी उठून मुकेशकडे गेली. मी नाही म्हटलं, तिचा बापही नाही म्हणाला, ती ऐकायला थांबली नाही. दहा मिनिटांत मुकेश वर्कशॉपच्या जनरेटरची वायर घेऊन आला. मागच्या गल्लीतून, दोन घरांच्या पत्र्यांवरून. वायर कमी पडत होती. धम्मदीप पत्र्यावर चढला. दुपारी बाराला, अनवाणी, कारण चपला घसरतात. वर उड्या मारत होता, शिव्या देत होता. खाली मैत्रेयी बघत उभी. एवढ्या टेन्शनमध्ये तिला हसू फुटलं. "पप्पा, पाय बरोबर उचलताय," म्हणाली.

साडेबाराला चालू. ५६. ५९. ६१. जनरेटरच्या विजेला धक्के बसतात, प्रत्येक धक्क्याला मी खुर्चीचा हात धरायची. दोन वाजता अकराशे पंधरा. सव्वादोनला अकराशे सोळा. अजून नऊ. नऊ बारे एकशे आठ मिनिटं.

"बस," मैत्रेयी म्हणाली.

"शेवट राहिला ना," बकुळा म्हणाली.

"शेवटी कावळा सावलीत उतरतो. उतरायच्या आधीच थांबवते. हवेत."

"चालेल त्यांना?" धम्मदीप.

"मला चालतंय."

सीडी झाली. दोन चाळीसला दोघं बापलेक मुकेशच्या मोटारसायकलवर विठ्ठलवाडीला गेली, पुढे ती एकटी. धम्मदीप मी येतो म्हणाला होता, तिने नको सांगितलं. चार पन्नासला शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा फोन. सीडी दिली. सही घेतली. उत्तर पंधरा दिवसांनी कळवतो म्हणाले.

पंधरा दिवसांनी. आणि पाहुणे उद्या.

कंप्युटर बंद केला. आकडा नाही. घरात एवढी शांतता की बरणीतलं पाणी स्थिर झालेलंही कळलं.

रविवार, ६ मे, सकाळ

पाहुणे अकराला येतील. बकुळाने पोहे भिजवले. मैत्रेयी आंघोळ करून, साधाच ड्रेस घालून आकड्यांची वही वाचत बसलीय. का वाचतेय विचारलं नाही.

धम्मदीप सगळ्यांना पाठ पढवत होता. "ते विचारतील मुलगी काय करते. मी सांगेन, शिकवण्या घेते. कंप्युटरचं नाव काढायचं नाही, नाहीतर म्हणतील रात्री जागते. नोकरी करणार का विचारलं तर मी म्हणेन, घरच्यांची इच्छा असेल तसं. पुढे शिकणार का विचारलं तर बकुळा, तू म्हण..."

"अंधेरीचं काय सांगायचं?" बकुळाने विचारलं.

"अजून कुठे काय लागलंय? नाही लागली तर? सांगायचं नाही." मग माझ्याकडे वळला. "आणि आई, तू तर बोलूच नकोस."

कालचा पत्र्यावर उड्या मारणारा हाच का, असं वाटलं. वाईट माणूस नाही. मी ओतलं तसंच, पोरीला झोपू द्यावं म्हणून न उठवता, न विचारता पाणी ओततोय.

मी मैत्रेयीला विचारलं, "तू काय म्हणणार आहेस?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हटलं, "मला सांगू नकोस. मला सांगितलंस तर मी मध्ये बोलेन."

मग धम्मदीपला समोर बसवलं. बकुळालाही बोलावलं, हात पुसत आली. सांगितलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मी बोललेच नाही म्हणायला नको.

पोहे द्या, चहा द्या, पंख्याखाली बसवा. काय करते, का करते, पुढे काय करणार, लग्न करायचंय का नाही, ते जे विचारतील ते विचारू देत. उत्तर मैत्रेयी देईल. धम्मदीप, तू नाही. बकुळा, तू नाही. आणि मीपण नाही.